वाचकांचे प्रश्न: झिजेचा थर वेगळा, आम्लाचा थर वेगळा

टेफ्लॉन आणि त्याच्या भावकीतल्या लेपांबद्दल या वेळी बरीच पत्रे आली. इचलकरंजीच्या सायझिंगमधून (विणण्याआधी सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांतून) आली, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून आली, गुऱ्हाळावरून आणि स्वयंपाकघरातूनही आली. निम्म्याहून अधिक पत्रांत तक्रार एकच आहे: ‘टेफ्लॉन मारून घेतले, टिकले नाही.’ कोणते टेफ्लॉन, किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे, कशावर आणि कशासाठी, हे काम देताना ठरलेच नव्हते, असे पत्रांवरून दिसते. म्हणून निवडक पत्रांना सविस्तर उत्तरे देत आहोत. सगळी तापमाने सेल्सिअसमध्ये आहेत.

आमच्या सायझिंगला ओल्या बाजूचे पहिले चार ड्रायिंग सिलिंडर टेफ्लॉन केलेले आहेत. वाफेचा दाब तीन किलो. आठ महिन्यांत दोन्ही कडांना चार बोटे रुंद पट्टा उडाला आणि मध्ये ओरखडे पडले. उष्णतेने जळाले असेल का? पुन्हा कोटिंग करताना काय बघावे?
(सायझिंगचालक, इचलकरंजी)

उष्णतेने नाही. तीन किलो दाबाची वाफ साधारण १४३ अंशांची असते आणि पीटीएफई, म्हणजे मूळ टेफ्लॉन, २६० अंशांपर्यंत वर्षानुवर्षे चालते. कारण दुसरीकडे आहे आणि ते ओरखड्यांच्या दिशेवरूनच कळते.

ओरखडे सिलिंडरच्या लांबीच्या दिशेने, सरळ आणि बारीक असतील तर ते सुरीचे आहेत. सूत गुंडाळले गेले की कामगार ब्लेडने उभा चिरा मारून लॅप काढतो, आणि सुताबरोबर लेपही कापला जातो. त्या चिरेतून खळ आणि पाणी आत शिरते आणि पुढच्या पंधरा दिवसांत पापुद्रा सुटतो. ओरखडे परिघाच्या दिशेने, गोल फिरलेले असतील तर ताणा, म्हणजे कापडाचे लांबीचे सूत, सिलिंडरवर घसरतो आहे. हे तपासायला यंत्र लागत नाही. सिलिंडरच्या बाजूला खडूची खूण करा आणि एका मिनिटातले फेरे मोजा. ८०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचा परीघ सुमारे २.५१ मीटर असतो, म्हणजे ताणा मिनिटाला ५० मीटर चालत असेल तर जवळजवळ २० फेरे व्हायला हवेत. अठराच होत असतील तर दर मिनिटाला पावणेपाच मीटर सूत लेपावर घासून जाते. खळीत चायना क्ले असेल तर ते घासणे पॉलिश पेपरसारखेच. सिलिंडर मागे राहण्याची कारणे नेहमीची आहेत: आत साचलेले पाणी सायफन ओढत नाही, बेअरिंगमधले ग्रीस वाळले आहे, किंवा साखळी सैल आहे. आधी ती काढा. नाहीतर नवा लेपही तेवढेच महिने टिकेल.

कडांचा पट्टा हा वेगळा आजार. ताण्याच्या रुंदीबाहेर सिलिंडरची उष्णता घ्यायला सूत नसते. तिथे उडालेली खळ वाळून खापरासारखी घट्ट बसते आणि कामगार ती लोखंडी पट्टीने खरवडतो. पट्टी बंद करा. मशीन थांबले, वाफ बंद केली आणि सिलिंडर हात लावण्याइतका निवला की ७० अंशांच्या पाण्यात भिजवलेले पोते कडेवर वीस मिनिटे टाका. मग नायलॉनच्या किंवा लाकडी खरवडणीने खळ सोलून येते. लॅप काढायलाही हीच खरवडणी वापरा. सूत एका टोकाने उचलून कात्रीने कापा, सिलिंडरवर टेकवून नाही.

आता नव्या लेपाबद्दल. ऑर्डरमध्ये नुसते ‘टेफ्लॉन’ लिहू नका. शुद्ध पीटीएफई अतिशय निसरडे आहे, पण मऊ आहे. सूत जिथे दिवसरात्र लागते तिथे भरण घातलेला तीन हातांचा लेप मागा: १० ते १५ मायक्रॉन प्रायमर, त्यावर सिरॅमिक भरणाचा मधला थर, वर निसरडा थर, मिळून ४० ते ५० मायक्रॉन. खर्च झेपत असेल तर ब्लास्टिंगनंतर (कणांच्या माऱ्याने धातू साफ आणि खरबरीत केल्यावर) स्टेनलेसच्या तारेचा आर्क स्प्रे (विजेने वितळवलेल्या तारेचा फवारा) मारून घ्या आणि त्यावर हा लेप. धातूची बारीक शिखरे झीज अंगावर घेतात आणि लेप त्यांच्या मधल्या दऱ्यांत टिकून राहतो. आमच्या मते सायझिंगसाठी हाच पैसा सगळ्यांत चांगला लागतो.

लेप मारणाऱ्याने तीन हातांचे काम एका हातात उरकले तर ते ओळखता येते. पीटीएफईचा एक हात सुकल्यावर २५ मायक्रॉनच्या वर गेला की उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळाला पडतात तशा बारीक भेगा पडतात. दहापट भिंगातून त्या स्पष्ट दिसतात.

भाजणीबाबत दोन सूचना. पीटीएफई ३२७ अंशांना वितळते, पण वितळूनही वाहत नाही. कण एकमेकांत मुरण्यासाठी धातूचे तापमान ३८० ते ४०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे राहावे लागते. भट्टीच्या डायलवरचा आकडा धातूचा नसतो. सिलिंडरचा पत्रा लवकर तापतो, बाजूची जाड झाकणे, म्हणजे डिश, मागे राहतात. म्हणून थर्मोकपल (ताप मोजणारी तार) डिशवर आणि पत्र्यावर, दोन्हीकडे बांधायला सांगा आणि ताप हळू चढवू द्या. दुसरी सूचना जिवाची आहे. भट्टीत जाण्यापूर्वी रोटरी जॉइंट, सायफन, व्हॅक्यूम ब्रेकर, गॅस्केट, बेअरिंग सगळे उतरवा आणि सिलिंडर उघडा ठेवून आतले पाणी पूर्ण काढा. बंद सिलिंडरमध्ये चार-पाच लिटर पाणी राहून गेले तर ४०० अंशांच्या भट्टीत तो बॉम्ब आहे. परत आल्यावर कामाच्या दाबाच्या दीडपट जलदाब चाचणी, रनआउट (फिरताना किती डगमगतो) आणि बॅलन्सिंग केल्याशिवाय वाफ सोडू नका.

आम्ही पिकलिंगसाठी (धातूवरचा गंज आम्लाने काढण्यासाठी) चार मिलिमीटर माइल्ड स्टीलची टाकी करून आतून टेफ्लॉन कोटिंग केले. १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, ५५ ते ६० अंश. तीन महिन्यांत तळाला आणि कोपऱ्यांत रुपयाएवढे फोड आले. ‘टेफ्लॉनला काहीच होत नाही’ म्हणतात, मग हे कसे?
(प्लेटिंग कारखानदार, गोकुळ शिरगाव)

टेफ्लॉनला खरोखरच काही झालेले नाही. एक फोड ब्लेडने कापून बघा: वरची कातडी जशीच्या तशी असेल आणि खाली काळे-हिरवट पाणी निघेल. आम्लाने लेप खाल्ला नाही. ते लेपातून आत गेले आणि त्याने लोखंड खाल्ले. लोखंड आणि आम्ल भेटले की हायड्रोजन सुटतो, आणि तोच कातडी फुगवतो.

पत्रासोबतच्या बिलावर जाडी ८० मायक्रॉन आहे. फवारलेल्या पीटीएफईचा एवढा थर डोळ्याला अखंड दिसला तरी तो सूक्ष्म छिद्रांचाच असतो, कारण वितळून वाहत नसल्याने कणांमधल्या फटी पूर्ण मिटत नाहीत. चिकटू नये म्हणून तो उत्तम, आम्ल अडवायला निरुपयोगी. आम्ल अडवायचे तर वितळून वाहणारी भावंडे लागतात. पीएफए सुमारे ३०५ अंशांना वितळते आणि २६० पर्यंत चालते, एफईपी २६० ते २७० ला वितळते आणि २०० पर्यंत चालते, ईटीएफई आणि ईसीटीएफई साधारण १५० पर्यंत. यांची पावडर स्थिरविद्युतीच्या बंदुकीने मारतात, प्रत्येक हात भाजतात आणि असे पाच-सहा हात देऊन ६०० ते १००० मायक्रॉनचा थर चढवतात.

पण एवढ्या जाडीचा थर कुठल्याही टाकीवर बसत नाही. टाकी बनवतानाच ठरवावे लागते. आतले प्रत्येक वेल्डिंग सलग हवे, टाके टाके मारलेले नको, आणि ते घासून सपाट केलेले हवे. आतबाहेरच्या सर्व कडांना किमान तीन मिलिमीटरची गोलाई हवी, पाच असेल तर अधिक बरे. तीक्ष्ण कडेवरून वितळलेला लेप मागे ओढला जातो आणि तिथे थर कागदासारखा उरतो. तुमचे फोड कोपऱ्यांतच आले यात नवल नाही. लेप फ्लँजच्या तोंडावर वळवून आणा. लेप दिल्यावर एकही भोक पाडू नका, एकही ब्रॅकेट वेल्ड करू नका. शेवटी स्पार्क टेस्ट: अर्धा ते पाऊण मिलिमीटर थराला सुमारे २५०० व्होल्टचा ब्रश इंच न इंच फिरवायचा, आणि जिथे ठिणगी उडेल तिथे छिद्र आहे. पाणी भरून बघणे ही चाचणी नव्हे.

इतके करूनही हायड्रोक्लोरिकची वाफ या प्लॅस्टिकांमधून अगदी सावकाश पाझरतेच. टाकीची बाहेरची भिंत थंड असेल तर ती वाफ लेपाच्या मागे लोखंडाला टेकून द्रव होते आणि फोड धरतो. बाहेरून ग्लासवूल लावून भिंत गरम ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. टाकीला बाहेरून नुसता रंग मारणाऱ्यांना ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

आता आमचा स्पष्ट सल्ला: ६० अंशांच्या हायड्रोक्लोरिकला ही टाकी पॉलिप्रोपिलीनची करा, किंवा लोखंडी टाकीला रबर लायनिंग द्या. पैसा खूप वाचेल. फ्लोरिनचा जाड लेप ढवळणीचा दांडा, पाती आणि थर्मामीटरची नळी यांवर खर्च करा, कारण तिथे दुसरे काही टिकत नाही.

पुढे लेप निवडताना दोन खड्डे टाळा. पीव्हीडीएफ हे याच कुटुंबातले आणखी एक प्लॅस्टिक आम्लाला पक्के आहे, पण गरम कॉस्टिक (तीव्र अल्कली) त्याला तडे पाडते. एकाच टाकीत आज आम्ल आणि उद्या अल्कली भरणाऱ्यांनी ते घेऊ नये. आणि स्टेनलेसच्या पिकलिंगला नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक वापरत असाल तर काचेचे किंवा सिरॅमिकचे भरण असलेला कुठलाही लेप नको. प्लॅस्टिक सोसेल, पण भरण विरघळून जाईल आणि थराची चाळण होईल.

व्हॉल्व्हसाठी एम २० चे ८.८ ग्रेडचे बोल्ट निळे पीटीएफई कोटिंग करून घेतले. नेहमीच्या ४४० न्यूटन-मीटरलाच आवळले तर काही बोल्ट लांबले, आणि काहींवर नट जातच नाही. कोटिंगवाल्याची चूक का?
(व्हॉल्व्ह उत्पादक, शिरोली)

बोल्ट लांबण्यात कोटिंगवाल्याची चूक नाही. लेपाने आपले काम जास्तच चोख केले. आवळताना लावलेल्या बळाचा मोठा भाग आट्यांमधल्या आणि नटाखालच्या घर्षणात जातो, फार थोडा बोल्टला ताणतो. घर्षण कमी झाले की उरलेले बळ बोल्टच्या वाट्याला येते. हिशेब सोपा आहे: टॉर्क (आवळण्याचे बळ) म्हणजे नटाचा गुणांक, जो घर्षणावर ठरतो, गुणिले व्यास गुणिले ताण. कोऱ्या बोल्टला गुणांक सुमारे ०.२ धरतात. एम २० ला ११० किलोन्यूटन ताण हवा असेल तर ०.२ × ०.०२० × १,१०,००० = ४४० न्यूटन-मीटर. पीटीएफई लेपाला गुणांक ०.१२ च्या आसपास येतो. तोच ताण तेव्हा २६५ लाच मिळतो. तुम्ही ४४० लावलेत, म्हणजे बोल्टवर १८३ किलोन्यूटन आले. त्या बोल्टचा प्रूफ लोड (कायमचा न लांबता सोसण्याचा ताण) १४७ आहे आणि १६२ च्या आसपास तो कायमचा लांबतो. लांबलेले बोल्ट सगळे काढून टाका, पुन्हा वापरू नका. आपल्या लॉटचा गुणांक नक्की किती हे पाच-सहा बोल्ट लोडसेलवर (ताण मोजणाऱ्या यंत्रावर) आवळून बघा आणि त्यावरून शॉपमधल्या टॉर्कचा तक्ता बदला.

नट न बसण्याचे कारण भूमितीचे आहे. ६० अंशांच्या आट्यावर लेप २५ मायक्रॉन दिला तर पिच व्यास (आट्यांच्या मध्यावर मोजलेला व्यास) लेपाच्या जाडीच्या चौपट, म्हणजे १०० मायक्रॉन वाढतो. नटाला तेवढी मोकळीक देऊन टॅप करावे लागते. हे कोटिंगवाल्याने आधी विचारायला हवे होते, हे मात्र खरे. आणि १२.९ ग्रेडचे बोल्ट देत असाल तर लेपापूर्वी ते आम्लात धुऊ देऊ नका, ब्लास्टिंगच करून घ्या. आम्लातला हायड्रोजन कडक पोलादात मुरतो आणि आवळल्यावर काही तासांनी बोल्ट आवाज करून तुटतो.

ॲल्युमिनियमच्या कोअर बॉक्सला (ओतकामात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, घडवायच्या साच्याला) टेफ्लॉन केले तर कोअर सुटायला सोपे जाईल का?
(फाउंड्री सुपरवायझर, कागल पट्टा)

पहिले काही शंभर कोअर छान सुटतील. मग ब्लो होल्सच्या (वाळू फुंकायच्या भोकांच्या) समोरचा लेप वाळूच्या माऱ्याने जाईल आणि तिथेच कोअर धरायला लागेल. वाळू दाबाने आदळते तिथे तीस मायक्रॉनचे मऊ प्लॅस्टिक उभे राहत नाही.

याहून मोठा धोका भाजणीत आहे. ॲल्युमिनियमचा बॉक्स टी-६, म्हणजे उष्णोपचाराने कडक, केलेला असेल तर त्याची कडकाई दीडशे-पावणेदोनशे अंशांवर काही तास ठेवण्यातून (एजिंगमधून) आलेली असते. तो ३८० अंशांच्या भट्टीत घातला की ती कडकाई निघून जाते, बॉक्स मऊ पडतो आणि पार्टिंग लाइनला, म्हणजे दोन अर्धे जुळतात त्या रेघेला, फट येते. तुमच्या कामाला निकेल-पीटीएफई योग्य: रासायनिक निकेलच्या बाथमध्ये पीटीएफईचे बारीक कण सोडतात आणि दोन्ही मिळून ८ ते १० मायक्रॉन चढते. बाथ ९० अंशांच्या आत असतो, त्यामुळे बॉक्स वाकडा होत नाही. त्यात पीटीएफई आकारमानाने साधारण चौथा-पाचवा हिस्सा असते. ते निसरडेपण देते, बाकी ताकद निकेलची. ब्लो होल्ससमोर तरीही बदलता येणारे पोलादी इन्सर्टच बसवा.

बॉक्सवर आधी सिलिकॉन स्प्रे मारत असाल तर तसे प्लेटिंगवाल्याला सांगा. नुसत्या पुसण्याने सिलिकॉन जात नाही आणि त्यावर कुठलाही थर माशाच्या डोळ्यासारखा फाटतो.

काहिलीला आतून टेफ्लॉन केले तर गूळ तळाला लागणार नाही, असे एकाने सुचवले. करावे का?
(गुऱ्हाळमालक, करवीर तालुका)

करू नका. रस उकळत असेपर्यंत तळ शंभर-सव्वाशे अंशांत राहतो हे खरे, गूळ ११८ ते १२० लाच उतरवतात. पण काहील ओतून रिकामी झाली आणि चुलवाणात चिपाड पेटलेलेच असले, की पुढचा रस पडेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात उघडा पत्रा तीनशेच्या वर जातो. रसाच्या पातळीवरची काठाची पट्टी तर रोजच जळते. शिवाय मळी काढण्याचे लोखंडी झारे आहेतच. अन्नात पापुद्रे जातील आणि आगीवर धूर होईल.

लेप हवाच असेल तर वाफ्याला (गूळ निवायला ओततात त्या उथळ पात्राला) आणि साच्यांना द्या. तिथे गूळ निवत आलेला असतो. स्टेनलेसवर अन्नासाठी चालणारा ३० ते ४० मायक्रॉनचा लेप पुरतो, फक्त लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी उलथणे हातात द्या. काहिलीत गूळ लागत असेल तर तो चुलवाणातली आग एका बाजूला जास्त असल्याचा आणि ढवळणे कमी पडल्याचा परिणाम आहे. गुळव्याला ते दिसते, त्याचे ऐका.

कांदा-लसूण मसाल्याचे खोबरे, तीळ, मिरची नॉनस्टिक कढईत भाजते. कोटिंग कडेने तपकिरी झाले आहे. अपायकारक आहे का? घरात पोपट आहे.
(गृहिणी, शाहूपुरी)

पोपट आधी स्वयंपाकघरापासून लांबच्या खोलीत हलवा. रिकामी किंवा जवळजवळ कोरडी नॉनस्टिक कढई मोठ्या आचेवर काही मिनिटांत साडेतीनशेच्या वर जाते. त्या तापमानाला लेपातून निघणाऱ्या वाफा पक्ष्यांच्या फुप्फुसांना मारक ठरतात. माणसालाही थंडी-तापासारखा त्रास होऊ शकतो. तपकिरी कड म्हणजे ते तापमान तिथे येऊन गेले असण्याची शक्यता आहे. ती कढई बदला. कोरडी भाजणी बिडाच्या तव्यावर किंवा लोखंडी कढईत करा. नॉनस्टिक आंबोळी, धिरडी, ऑम्लेटसाठी ठेवा, मध्यम आचेवर आणि लाकडी उलथण्याने.

लेपाचा कण पोटात गेला तर घाबरू नका. तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो. ज्या पीएफओएची चर्चा ऐकली असेल ते टेफ्लॉन नव्हे, टेफ्लॉन बनवताना वापरायचे सहाय्यक रसायन होते. ते २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकले. नवे भांडे घेताना ते पीएफओएविना असल्याचे छापलेले बघून घ्या. ‘सिरॅमिक नॉनस्टिक’ हा सिलिकाचा लेप असतो, त्यात फ्लोरिन नसते. मात्र त्याचा निसरडेपणा लवकर जातो.

जुना टेफ्लॉन लेप गॅसकटरने जाळून काढला तर चालेल का? कामगाराला रात्री ताप आला, सकाळी उतरला.
(जॉबवर्क शॉप, उद्यमनगर)

नाही, आणि तो ताप लेपाच्या धुराचाच असण्याची दाट शक्यता आहे. चारशे अंशांच्या वर हे प्लॅस्टिक फुटून विषारी वायू सुटतात, त्यांत हायड्रोजन फ्लोराइडही असतो. काही तासांनी थंडी, अंगदुखी, छातीत जडपणा, ताप येतो आणि दिवसभरात उतरतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. धूर जास्त गेला असेल तर फुप्फुसात पाणी होऊ शकते. त्या कामगाराला लगेच डॉक्टरांकडे न्या आणि कशाचा धूर होता ते स्पष्ट सांगा.

लेप दिलेल्या भागावर वेल्डिंग, गॅसकटिंग, कोरडे ग्राइंडिंग करू नका. आधी ज्योतीच्या दोन्ही बाजूंना दहा सेंटीमीटर लेप ओला घासून काढा. पूर्ण लेप काढायचा तर बाहेर ओढणारा फॅन आणि स्क्रबर (धूर धुऊन काढणारे यंत्र) असलेल्या बंद भट्टीत, किंवा ब्लास्टिंगने. अशा जागी विडी-सिगारेट खिशातही ठेवू देऊ नका. बोटांवरची पूड तंबाखूला लागते, आणि सिगारेटचे टोक आठ-नऊशे अंशांचे असते. एवढ्या पुडीनेही ताप आल्याचे वैद्यकीय नोंदींत आहे.

शेडचा पत्रा पिकलिंग यार्डाजवळ आहे, दोन पावसाळ्यांत रंग गेला. पीव्हीडीएफचा पत्रा घ्यावा का, की आहे त्यावर तो रंग मारता येईल?
(कारखानदार, हातकणंगले)

नवा पत्रा घेणार असाल तर ७०:३० चा पीव्हीडीएफ मागा: सत्तर टक्के पीव्हीडीएफ राळ, तीस टक्के ॲक्रिलिक. प्रायमरसह तो साधारण २५ मायक्रॉनचा असतो, ऊन-पावसाला आणि आम्लाच्या पुसट वाफेला उत्तम तोंड देतो. त्याची भाजणी कारखान्यात धातूच्या २४० अंशांच्या आसपास होते, म्हणून तो शेडवर चढून मारता येत नाही. जागेवर मारायचा फ्लोरिनचा रंग वेगळा. त्याला एफईव्हीई म्हणतात, तो जपानमध्ये १९८२ साली बाजारात आला. दोन डब्यांचा असतो आणि साध्या हवेत घट्ट होतो. लोखंडी सांगाड्यावर झिंक प्रायमर ६० ते ७५ मायक्रॉन, इपॉक्सी १०० ते १२५ आणि वर हा ३० मायक्रॉन. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर झिंक प्रायमर नको, घासून थेट इपॉक्सी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा तीन अंशांनी वर नसेल, तर हार्डनर पाण्याशीच भिडतो आणि रंगात बुडबुडे धरतात.

पत्रा बसवताना स्क्रूच्या भोकातून पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढा. तांबडे डाग तिथूनच सुरू होतात.

लेप देऊन आलेला माल ताब्यात घेताना आम्ही काय तपासावे? आमच्याकडे फक्त जाडी मोजायचे यंत्र आहे.
(यंत्रशाळा, शिये)

यंत्र कोणत्या तत्त्वाचे आहे ते आधी बघा. चुंबकीय यंत्र लोखंडावर बरोबर मोजते, ॲल्युमिनियमवर आणि ३०४ स्टेनलेसवर एडी करंटचे लागते. कोऱ्या पण ब्लास्ट केलेल्या तुकड्यावर शून्य करा. गुळगुळीत पट्टीवर शून्य केले तर ब्लास्टिंगच्या खोलीमुळे दहा-पंधरा मायक्रॉन फुकटचे दिसतात. दहा ठिकाणी मोजा, त्यातली चार कडांजवळ.

जाडीवरून पकड कळत नाही. त्यासाठी काम देतानाच त्याच धातूचा ७५ × १०० मिलिमीटरचा तुकडा सोबत पाठवा. तो मालाबरोबरच ब्लास्ट आणि भाजून आला पाहिजे. त्यावर धारदार ब्लेडने एक मिलिमीटर अंतराने ११ उभ्या आणि ११ आडव्या रेघा धातूपर्यंत ओढा, शंभर चौकटी होतात. तुकडा तासभर उकळत्या पाण्यात ठेवा, पुसून कोरडा करा, चौकटींवर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. एकही चौकट सुटली तर दोष बहुधा ब्लास्टिंगनंतरच्या तासांत आहे: ब्लास्ट केलेले लोखंड दमट हवेत चार तास पडून राहिले, कंप्रेसरच्या हवेत तेल होते, किंवा कोणी हातमोज्याविना उचलले. बिडाचे काम असेल तर ब्लास्टिंगपूर्वी ते भाजणीच्या तापमानाहून थोडे वर एकदा तापवून घेतले होते का तेही विचारा. बिडाच्या छिद्रांत मुरलेले तेल नाहीतर लेप भाजतानाच बाहेर येते आणि टाचणीच्या टोकाएवढे फोड देते.